एडिटरमधली स्वतःची रंगसंगती: ती कुठे साठते आणि दुसऱ्याला कशी द्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये एक तयार गडद थीम (रंगसंगती) घेतली आणि गेले काही महिने तिच्यातले रंग थोडेथोडे बदलत नेले: कॉमेंट उजळ केल्या, फंक्शनच्या नावांना वेगळा रंग दिला, निवडलेल्या मजकुरामागचा रंग बदलला. आता नव्या संगणकावर तीच थीम बसवली, तर यातले काहीच दिसत नाही. शिवाय दोन सहकाऱ्यांनाही हीच रंगसंगती हवी आहे आणि त्यांच्यापैकी एक जण पायचार्म हा वेगळा एडिटर वापरतो. मग ही रंगसंगती जतन करण्याची आणि इतरांना देण्याची योग्य पद्धत कोणती?

यात जतन करणे आणि देणे अशा दोन गोष्टी विचारल्या असल्या, तरी खरी अडचण त्यांच्या आधीची आहे. आपण केलेले बदल नेमके कुठे जाऊन बसले, हे एडिटर आपणहून सांगत नाही. मूळ थीम ही तिच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे एडिटरला जोडलेल्या पूरक भागाच्या, फोल्डरात पडून असलेली जेसन फाइल (ठरावीक मांडणीतली मजकूर फाइल) असते आणि तुम्ही तिला हातही लावलेला नाही. तुमचे सगळे बदल सेटिंग्ज.जेसन या फाइलीत साठले आहेत, आणि तिथेही एका ठिकाणी नव्हे, तर तीन वेगवेगळ्या नोंदींखाली. खिडकीचे, कडेच्या पट्ट्यांचे आणि पार्श्वभूमीचे रंग ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’खाली असतात. कोडमधल्या शब्दांचे रंग ‘एडिटर.टोकनकलरकस्टमायझेशन्स’खाली असतात. भाषेच्या एक्स्टेन्शनने कोड समजून घेऊन दिलेल्या माहितीवर चढणारे रंग ‘एडिटर.सिमँटिकटोकनकलरकस्टमायझेशन्स’खाली असतात. पडद्यावर जे दिसते ते मूळ थीम आणि हे तीन थर एकावर एक चढवून तयार झालेले असते. थीमचे नाव सांगितले की समोरच्याकडे फक्त तळाचा थर पोहोचतो. नव्या संगणकावर तुमचे रंग का दिसले नाहीत, याचे उत्तर एवढेच आहे.

पुढे काही करण्याआधी सेटिंग्ज.जेसन उघडून एक गोष्ट तपासा. या नोंदींमध्ये तुमचे रंग थेट लिहिलेले आहेत की चौकटी कंसात थीमचे नाव देऊन त्याच्या आत लिहिलेले आहेत? थेट लिहिलेले असतील, तर ते प्रत्येक थीमवर लागू होतात. गडद पार्श्वभूमीसाठी निवडलेला फिकट पिवळा रंग तुम्ही कधी उजळ थीमवर गेलात की पांढऱ्यावर उमटतो आणि अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. मग दोष त्या बिचाऱ्या उजळ थीमला दिला जातो. थीमचे नाव कंसात घालून सगळे रंग त्याच्या आत हलवले, की ते त्या एका थीमपुरते मर्यादित राहतात. रंग कोणालाही द्यायचे नसले तरी हा बदल मी प्रत्येकाला करायला सांगतो.

यापुढचे उत्तर तुम्हाला ही रंगसंगती कोणापर्यंत पोहोचवायची आहे यावर अवलंबून आहे. केवळ स्वतःच्या दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल, तर वेगळी थीम बांधण्याची गरज नाही. व्हीएस कोडमधली सेटिंग्ज सिंक ही सोय मायक्रोसॉफ्ट किंवा गिटहब खात्यातून चालू केली, की सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन दोन्ही पलीकडे जातात. म्हणजे तळाची थीमही जाते आणि वरचे थरही जातात. कार्यालयाच्या संगणकावर वैयक्तिक खात्याने प्रवेश करायला परवानगी नसेल, तर त्या तीन नोंदी कापून एका साध्या मजकूर फाइलीत ठेवणे आणि पलीकडच्या सेटिंग्ज.जेसनमध्ये चिकटवणे हेही पुरेसे आहे. यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. एकाच माणसाचे दोन संगणक एवढाच विषय असेल, तर याहून मोठी यंत्रणा उभारणे म्हणजे पुढे तीच सांभाळत बसणे.

प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शनचा संच, निर्यात करण्याची सोयही व्हीएस कोडमध्ये आहे आणि बरेच जण सहकाऱ्यांना तीच फाइल पाठवतात. केवळ रंगांसाठी मी तो मार्ग सुचवत नाही. फोल्डरांच्या मार्गांसारख्या त्या संगणकापुरत्या सेटिंग्ज निर्यातीतून वगळल्या जातात, पण बाकीच्या जातात: फाइल जतन होताना कोड आपोआप मांडायचा की नाही, टॅबची रुंदी, आणि एखाद्या एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये कोणी पासवर्ड लिहून ठेवला असेल तर तोही जाऊ शकतो. रंग मागणाऱ्याला तुमच्या सवयी नको असतात आणि तुमची गुपिते तर त्याच्याकडे जाताच कामा नयेत. याच कारणासाठी प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतल्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडसाठ्यातल्या, सेटिंग्ज फाइलीत रंग घालणेही मला पटत नाही. तो प्रकल्प उघडणाऱ्या प्रत्येकावर ते रंग लादले जातात, मग त्याची नजर कशीही असो आणि त्याने कोणतीही थीम निवडलेली असो. एकाच वेळी अनेक प्रकल्प उघडे असताना खिडकी ओळखू यावी म्हणून शीर्षकपट्टीला वेगळा रंग देणे, एवढाच त्या फाइलीचा रंगांसाठीचा रास्त उपयोग मला दिसतो.

तुमच्या बाबतीत मात्र दोन सहकारी आहेत, आणि रंगही आता बऱ्यापैकी स्थिरावलेले दिसतात. अशा वेळी सेटिंग्जवरचे थर काढून त्यांची स्वतंत्र नावाची, स्वतःच्या पायावर उभी असलेली थीम करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी एक तयार कमांड आहे. तुमची थीम चालू असताना आणि सगळे बदल दिसत असताना कमांड पॅलेट, म्हणजे कमांड नावाने शोधून चालवण्याची चौकट, उघडा आणि ‘डेव्हलपर: जनरेट कलर थीम फ्रॉम करंट सेटिंग्ज’ ही कमांड चालवा. एक लांबलचक जेसन मजकूर समोर येईल. त्यात मूळ थीमचे रंग आणि तुमचे बदल एकत्र मिसळलेले असतील, आणि ज्या ठिकाणी एडिटरचे ठरावीक रंगच वापरात आहेत त्या ओळी कॉमेंट करून ठेवलेल्या असतील. त्या ओळी पुसून टाकण्याची घाई करू नका. पुढे कधी सूचनांच्या चौकटीचा किंवा घडी घातलेल्या ओळीचा रंग बदलावासा वाटला, तर त्या जागेचे नेमके नाव तिथेच सापडते, शोधत फिरावे लागत नाही.

या मजकुरात एक गोष्ट मुद्दाम तपासून घ्या. खिडकीचे रंग आणि टोकनचे, म्हणजे कोडमधल्या शब्दांचे, रंग त्यात येतात, पण सिमँटिक रंग (भाषेच्या एक्स्टेन्शनच्या माहितीवर चढणारे) आले आहेत का ते डोळ्यांनी पाहा. आले नसतील, तर सेटिंग्जमधली ती नोंद ‘सिमँटिकटोकनकलर्स’ या नावाखाली हाताने उतरवून घ्या आणि ‘सिमँटिकहायलाइटिंग’ ही नोंद चालू म्हणून लिहा. ही एक ओळ राहून गेली, तर ज्यांच्याकडे नवी थीम जाईल त्यांना तुम्ही सर्वांत विचारपूर्वक निवडलेले रंगच दिसणार नाहीत, आणि तुमच्याकडे जुनी सेटिंग्ज अजून चालू असल्यामुळे उणीव तुमच्या लक्षातही येणार नाही. म्हणून थीम तयार झाली की स्वतःच्या सेटिंग्जमधल्या त्या तिन्ही नोंदी काढून बाजूला ठेवा आणि निव्वळ नव्या थीमवर एक-दोन दिवस काम करा. जे राहिले असेल ते याच काळात समोर येते.

फाइल झाली की तिला एक्स्टेन्शनचे रूप द्यायचे. योमन या साधनाचा व्हीएस कोडसाठीचा जनरेटर सगळा सांगाडा तयार करून देतो, पण खरे तर गरज दोनच गोष्टींची असते: थीमची फाइल, आणि एक्स्टेन्शनची माहिती ठेवणाऱ्या पॅकेज.जेसन फाइलीत तिची ओळख. त्या ओळखीत तीन बाबी लिहायच्या: यादीत दिसणारे नाव, फाइलचा मार्ग आणि थीम मुळात उजळ आहे की गडद हे सांगणारा प्रकार. मग व्हीएससीई या साधनाची पॅकेज कमांड चालवली की एक व्हीएसआयएक्स फाइल, म्हणजे बसवायला तयार एक्स्टेन्शन, तयार होते. जनरेटरने दिलेली रीडमी, म्हणजे माहितीची, फाइल जशीच्या तशी ठेवली, तर हे साधन अडून बसते आणि आधी ती बदलायला सांगते. त्यामुळे थीमविषयी दोन-चार ओळी आधीच लिहून ठेवा. सहकाऱ्याने एक्स्टेन्शनच्या पटलातून ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ निवडले की काम झाले.

व्हीएसआयएक्स हाताने देण्याची एक मर्यादा आहे. अशा एक्स्टेन्शनला नवी आवृत्ती आपोआप मिळत नाही आणि सेटिंग्ज सिंकही ते दुसऱ्या संगणकावर पोहोचवत नाही, कारण सिंक व्हीएस कोडच्या मार्केटप्लेसवर असलेलीच एक्स्टेन्शन पुन्हा उतरवून घेते. दोन सहकाऱ्यांसाठी हे चालून जाते, फक्त प्रत्येक बदलाबरोबर आवृत्तीचा क्रमांक वाढवण्याची शिस्त ठेवा, म्हणजे कोणाकडे कोणते रंग आहेत हे विचारता येते. वापरणारे वाढले, तर त्या मार्केटप्लेसवर किंवा एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्सवर थीम प्रकाशित करावी. दुसरा पर्याय व्हीएस कोडवरून तयार झालेल्या इतर एडिटरांसाठी उपयोगी पडतो.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे म्हणजे ही फाइल गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ठेवणे. रंग बदलताना माणूस एका दुपारी पाच ठिकाणी हात घालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात त्यातले तीन बदल नकोसे वाटतात. प्रत्येक बदल वेगळा नोंदवलेला असेल, तर नेमके तेवढेच मागे घेता येतात. नोंदीत ‘रंग बदलला’ असे न लिहिता कारण लिहावे: शोधाच्या निकालावर कर्सर दिसत नव्हता म्हणून पार्श्वभूमी गडद केली, अशा तऱ्हेचे. रंग सांगणारा सहा अंकी हेक्स कोड पाहून कारण कधीच आठवत नाही.

इथे एक निवड करावी लागते आणि तिला सरसकट उत्तर नाही. संपूर्ण थीम काढून घेतली, की मूळ थीमच्या लेखकांनी नंतर केलेल्या सुधारणा तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. उलट फक्त फरक सेटिंग्जमध्ये ठेवला, तर त्या सुधारणा मिळत राहतात, पण त्यांनी एखादा पायाभूत रंग हलवला की त्याच्याशी जुळवून निवडलेले तुमचे रंग विसंगत दिसू लागतात. तुम्ही आठ-दहा रंगच बदलले असतील, तर फरक ठेवणे शहाणपणाचे. बदल तीस-चाळीसच्या घरात गेले असतील, पार्श्वभूमीही बदललेली असेल, तर ती आता वेगळी थीम झालेली आहे आणि तिला स्वतःचे नाव द्यायला हवे. नाव मूळ थीमपेक्षा नक्की वेगळे ठेवा. यादीत एकाच नावाच्या दोन थीम आल्या, तर कोणती चालू आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मूळ थीमचा परवानाही पाहून घ्या. बहुतेक लोकप्रिय थीम एमआयटी परवान्याखाली असतात. त्यात बदल करून वाटण्याची मुभा असते, पण मूळ स्वामित्वाची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावाच लागतो.

आता ज्या तक्रारीला सर्वाधिक वेळ जातो तिच्याकडे येतो. थीम पाठवल्यावर सहकारी सांगतो की ‘माझ्याकडे तशी दिसत नाही’. बहुतेक वेळा थीममध्ये दोष नसतो. पहिले कारण भाषेच्या एक्स्टेन्शनचे. तुमच्याकडे पायथॉनसाठी पायलान्स बसवलेले आहे आणि ते कोड समजून घेऊन हे नाव क्लासचे, हे पॅरामीटरचे असे सांगते. सहकाऱ्याकडे ते नसेल, तर एडिटर केवळ टेक्स्टमेट पद्धतीच्या व्याकरणावर, म्हणजे शब्दांच्या बाह्य आकारावर, अवलंबून राहतो आणि एकाच थीममधून वेगळे रंग उमटतात. दुसरे कारण फाँटचे. तिरकी किंवा ठळक अक्षरे करायची की नाही हे थीम सांगू शकते, पण फाँट कोणता हे सांगू शकत नाही. बारीक रेषांच्या फाँटमध्ये तोच राखाडी रंग बराच फिका भासतो. म्हणून रीडमीत फाँटचे नाव आणि आकार लिहून ठेवावा, निदान तुम्ही रंग कशावर जोखले ते तरी कळते.

तिसरे कारण अधिक रोचक आहे आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा तुम्ही कॉमेंटचा रंग उजळ राखाडी केला. पायथॉनमध्ये हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ त्या रंगात येते, पण फंक्शनच्या सुरुवातीला तिहेरी अवतरणात लिहिलेली डॉकस्ट्रिंग मात्र हिरवीच राहते. वाचणाऱ्याला दोन्ही स्पष्टीकरणेच वाटतात. एडिटरच्या लेखी मात्र पहिली ‘कॉमेंट’ या स्कोपमध्ये (रंग ठरवण्यासाठीच्या वर्गात) आहे आणि दुसरी ‘स्ट्रिंग.कोटेड.डॉकस्ट्रिंग’ या स्कोपमध्ये, म्हणजे ती स्ट्रिंग, अवतरणातला मजकूर, ठरते. अशा वेळी अंदाजाने रंग फिरवत बसू नये. कर्सर त्या शब्दावर ठेवून ‘डेव्हलपर: इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ ही कमांड चालवली, की त्या शब्दाचे सगळे स्कोप, सिमँटिक प्रकार आणि सध्याचा रंग नेमक्या कोणत्या नियमातून आला ते एका चौकटीत दिसते. सहकाऱ्याची तक्रार आली की मी त्याच्याकडून पडद्याच्या चित्राऐवजी या चौकटीचे चित्र मागतो. चित्रातल्या रंगावरून कारण कळत नाही, चौकटीतून लगेच कळते.

पडद्याच्या चित्रातून रंग उचलून थीम नव्याने जुळवण्याचा मार्गही काही जण धरतात, तो टाळावा. एकाच शब्दाच्या सगळ्या जागा उजळणाऱ्या किंवा शोधाचे निकाल दाखवणाऱ्या पार्श्वभूमीचे रंग अर्धपारदर्शक असावे लागतात. हेक्स कोडचे सहाऐवजी आठ अंक असतात आणि शेवटचे दोन पारदर्शकता सांगतात. चित्रातून उचललेला रंग म्हणजे पार्श्वभूमीत आधीच मिसळून गेलेला, पूर्ण अपारदर्शक रंग असतो. तो तसाच लावला, तर खाली असलेल्या दुसऱ्या खुणा झाकल्या जातात आणि एकाच ओळीवर शोधाचा निकाल आणि निवडलेला मजकूर एकत्र आले की दोन्हींतला एकच दिसतो.

दुसऱ्यांना द्यायची थीम फक्त आपल्या डोळ्यांवर तपासून चालत नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शिकेत साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ हे रंगभेदाचे गुणोत्तर दिले आहे, पांढऱ्यावर काळे हे २१ : १ असते. कोणताही काँट्रास्ट तपासक दोन हेक्स कोडवरून हे गुणोत्तर सांगतो. कॉमेंटचा रंग या कसोटीवर हमखास घसरतो, कारण कॉमेंट मागे पडाव्यात म्हणून आपण त्या फिक्या करत जातो. शिवाय लाल आणि हिरवा वेगळे ओळखू न येणारे लोक कोणत्याही मोठ्या गटात असतात. काढलेल्या आणि घातलेल्या ओळी केवळ या दोन रंगांनी दाखवल्या असतील, तर त्यांच्यासाठी निळ्या आणि नारिंगी रंगांची जोडी अधिक स्पष्ट ठरते. सहकाऱ्याला एकदा विचारून घेणे सर्वांत सोपे.

राहिला पायचार्म वापरणारा सहकारी. व्हीएस कोडची थीम आहे तशी पायचार्म बनवणाऱ्या जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये चढत नाही, आणि रूपांतर करून देणाऱ्या साधनांकडून पूर्ण अपेक्षा ठेवू नये, कारण दोन्हीकडचे वर्गीकरणच वेगळे आहे. पायचार्ममध्ये डॉकस्ट्रिंगला स्वतःची नोंद आहे, सेल्फ या पॅरामीटरलाही आहे. तिथे डॉकस्ट्रिंगला कॉमेंटचा रंग देण्यासाठी स्कोप शोधावे लागत नाहीत. शिवाय तिथे खिडकीची थीम आणि एडिटरची रंगसंगती या वेगळ्या गोष्टी आहेत आणि निर्यात होते ती फक्त दुसरी. म्हणून मी नियमांचे भाषांतर न करता आधी रंगांची एक छोटी यादी करतो, ज्यात प्रत्येक रंगापुढे त्याचे काम लिहिलेले असते: पार्श्वभूमी, मुख्य मजकूर, मागे पडणारा मजकूर, स्ट्रिंग, फंक्शन, प्रकार, चूक, इशारा. एथन स्कूनोव्हर यांची २०११ सालची सोलराइझ्ड ही रंगसंगती अशाच मांडणीमुळे कितीतरी एडिटरांत आणि टर्मिनलांत पोहोचली. तिचे सोळाच रंग आहेत, आठ पार्श्वभूमी आणि मजकुरासाठी, आठ ठळक. आणि तेच आठ ठळक रंग उजळ आणि गडद दोन्ही रूपांत चालतात. तुमची यादी वीस रंगांच्या पुढे गेली, तर जवळजवळ सारखे दिसणारे रंग एकत्र करता येतात का ते पाहा.

यादी हातात असली की पायचार्ममध्ये सेटिंग्जमधल्या एडिटर, मग कलर स्कीम या पानावर जा, तुमच्या थीमच्या जवळची तयार रंगसंगती निवडा आणि दातेरी चाकाच्या चिन्हावरून तिची प्रत काढून नवे नाव द्या. आधी सर्व भाषांसाठी समान असलेले रंग भरा. भाषावार नोंदी ‘इनहेरिट व्हॅल्यूज फ्रॉम’ या खुणेमुळे बहुतांशी त्यांच्याकडूनच रंग घेतात, त्यामुळे पायथॉनच्या पानावर जेमतेम काही जागी हात लावावा लागतो. मग त्याच चिन्हावरून निर्यात केली की आयसीएलएस फाइल मिळते, आणि सहकाऱ्याने ती तिथूनच आयात करायची. ही फाइल तिच्या पालक रंगसंगतीचे नाव नोंदवते आणि मुख्यतः फरकच साठवते, म्हणून ती ज्या रंगसंगतीवरून तयार केली ती सहकाऱ्याकडेही असायला हवी. एखाद्या प्लगिनने दिलेली निवडण्यापेक्षा पायचार्मसोबतच येणारी निवडणे म्हणूनच बरे.

उद्या कोणी वेगळ्या एडिटरसाठी हेच रंग मागितले, तर तीच यादी पुन्हा कामी येते. विममध्ये ती कलर्स या फोल्डरातली एक स्क्रिप्ट होते, सब्लाइम टेक्स्टमध्ये यूजर पॅकेजमधली रंगसंगतीची फाइल, आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये थीम्स फोल्डरातली एक्सएमएल फाइल. विमपुरती एक सूचना: स्वतःचे रंग थेट विमआरसी या विमच्या सेटिंग्ज फाइलीत लिहिले, तर नंतर आलेली कलरस्कीम कमांड ते पुसून टाकते. व्हीएस कोडची थीम, आयसीएलएस फाइल आणि रंगांची यादी हे तिन्ही एकाच रिपॉझिटरीत ठेवा, आणि त्यासोबत पायथॉनची एक लहानशी नमुना फाइलही ठेवा, जिच्यात कॉमेंट, डॉकस्ट्रिंग, क्लास, डेकोरेटर, आकडे आणि मुद्दाम ठेवलेली एक चूक असेल. कोणताही रंग बदलला की दोन्ही एडिटरांत तीच फाइल उघडून पाहायची.